चुनीचे कट्टे कोणी मोजले?

“ताई, माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. मी बी.कॉम. आहे, टॅली येते. आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. मामाजींनी (माझ्या सासऱ्यांनी) 1998 साली डाळ मिल टाकली, लहानच आहे. ती माझे मिस्टर पाहतात. बाजारात कृषी सेवा केंद्र आहे, ते भासरे (मिस्टरांचे थोरले भाऊ) पाहतात. गल्ला मात्र एकच, मामाजींचा. सीए साहेब दरवर्षी नफा दाखवतात, पण बँकेची सीसी (कॅश क्रेडिटचं कर्ज) काही खाली येत नाही. भासरे म्हणतात मिल तोट्यात आहे, भाड्याने देऊन टाका. मिस्टर म्हणतात केंद्र उधारीत बुडालं, आणि मिलला सॉर्टेक्स मशीन (डाळीतले खराब दाणे वेगळे काढणारी) घेतली की सारं सुधारेल. चुनी-भुसा (डाळीचा चुरा आणि टरफलं) आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दारावरच विकतात, त्यात किराणा आणि पोरांच्या फिया भागतात, म्हशीही त्यावरच आहेत. हिशोबाचं विचारलं तर मामाजी म्हणतात, ‘सूनबाई, मिलचा हिसाब माह्या डोक्यात हाये, तुले कायले पायजे?’ लाल वही कपाटात कुलूपबंद असते. ते शेतात गेले की किल्ली घरीच असते. वहीचे फोटो काढून सगळं टॅलीत चढवू का? मग तरी कोण खरं ते कळेल. नाव-गाव छापू नका.”

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: फोटो काढू नका. का ते पुढे येईलच.

तुमचे भासरे खोटं बोलत नाहीत, मिस्टरही बोलत नाहीत. दोघांच्या हाती अर्धाअर्धा हिशोब आहे आणि दोघं त्यावरून पूर्ण निकाल देताहेत. सीए साहेबांवरही राग धरू नका. त्यांचा ताळेबंद आयकर खात्याला आणि बँकेला दाखवायचा असतो. त्यात मिल, केंद्र आणि गोदामातला माल एकाच गंजात शिजतो. वर्षाच्या शेवटी भाजी किती झाली ते कळतं, तेल कोणत्या बरणीतून आलं ते कळत नाही. आणि नफा दिसूनही सीसी का खाली येत नाही, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तो नफा शेतकऱ्यांच्या उधारीत आणि गोदामातल्या तुरीत जाऊन बसलाय. कागदावर तो झाला, बँकेत पोचला नाही.

बी.कॉम.ला तुम्ही कॉस्टिंग शिकला असाल. मार्जिनल कॉस्टिंग, ब्रेक-इव्हन, काँट्रिब्युशन वगैरे. परीक्षा झाली आणि वही रद्दीत गेली, सगळ्यांचीच जाते. पण हेच शास्त्र आपल्या बाजारात शंभर वर्षांपासून एका शब्दात चालतं: पडता. म्हणजे माल कितीला पडला आणि त्यात सुटतं किती. “या भावात पडता खात नाही” असं अडत्यांच्या ओट्यावर रोज ऐकू येतं. मारवाडी पेढ्यांनी तो शब्द विदर्भातल्या प्रत्येक बाजारपेठेत रुजवला. बिर्लांच्या कारखान्यांमधून रोजच्या रोज पडता काढून वर पाठवायची पद्धत होती, आणि व्यापारी लोक आजही तिचा दाखला देतात. तेव्हा मामाजी “डोक्यात हाये” म्हणतात ते थापा नाहीत. पंचवीस वर्षांहून जास्त मिल चालवणारा माणूस पडता काढल्याशिवाय हर्रासात (लिलावात) बोली लावूच शकत नाही. अडचण अशी की त्यांच्या डोक्यात एकच पडता आहे आणि तुमच्या घरात धंदे तीन आहेत. तिसरा कोणता ते सांगते, पण आधी आमच्या घरची गोष्ट ऐका.

वर्ध्याकडे आमच्या वडिलांची तेलघाणी होती. जवस आणि भुईमूग. दर उन्हाळ्यात वडील म्हणायचे, घाणीत काही उरत नाही. एका वर्षी मोठ्या काकांनी घाणी बंद करायला लावली, जागा भाड्याने दिली. दोन महिन्यांत आई म्हणाली, ढेप विकत आणावी लागते, शिवाय दुधाचे पैसेही हातात नाहीत. तेव्हा लक्षात आलं, तेल विकलेलं तेवढंच वहीत लिहिलं जायचं. ढेप घरच्या गाईंना जायची, शेजारपाजारी जायची, उरलेली आई विकायची आणि त्यातून भाजीपाला यायचा. आमचं स्वयंपाकघर ढेपेवर चालत होतं आणि वही म्हणत होती घाणी तोट्यात आहे. तेव्हा मी आठवीत होते. पुढे कॉस्ट अकाउंटंट झाले, त्यामागे बरंचसं हेच कारण असावं.

तुमच्या पत्रात ज्या ओळीवर मी थांबले ती सॉर्टेक्सची नव्हती, आत्याबाईंच्या चुनीची होती.

आता एक क्विंटल तूर घेऊन बसू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका. तूर 7,200 रुपयांनी घेतली. हमाली, मापाई, सेस, गाडीभाडं मिळून 130. म्हणजे मिलच्या दारात 7,330. तेल-पाणी देऊन, पटांगणात वाळवून, भरडून त्यातून निघालं काय? फटका, म्हणजे पहिल्या प्रतीची डाळ, 58 किलो, 108 रुपयांनी 6,264. सवा नंबर, म्हणजे दुसऱ्या प्रतीची, 12 किलो, 98 रुपयांनी 1,176. खंडा, म्हणजे तुकडा, 4 किलो, 55 रुपयांनी 220. चुनी 10 किलो, 24 रुपयांनी 240. भुसा 11 किलो, 10 रुपयांनी 110. उरलेले 5 किलो म्हणजे माती, काडी आणि ओलीची घट. सगळं मिळून 8,010 रुपये. त्यातून 7,330 गेले की 680. मग प्रत्येक क्विंटलमागे जो खर्च होतोच तो काढा: वीज 90, भरडाईची मजुरी 120, तेल 25, बारदाना 40, दलाली 35. एकूण 310. हाती राहिले 370 रुपये. हा तुमचा क्विंटलचा पडता.

हे 370 अजून नफा नव्हेत. मिल चालो न चालो, काही खर्च दारात उभेच असतात. ऑपरेटरचा पगार, सीसीच्या व्याजातला मिलचा वाटा, महावितरणच्या बिलातला स्थिर आकार, विमा, पट्टे-बेअरिंगची दुरुस्ती. समजा महिन्याला 48,000, वर्षाला 5,76,000. तुमची मिल वर्षाला 2,200 क्विंटल तूर भरडत असेल, तर 370 च्या हिशोबाने 8,14,000 येतात. खर्च वजा जाता 2,38,000 उरतात. महिन्याला जवळजवळ वीस हजार. म्हणजे तुमच्या मिस्टरांची मजुरी निघाली, त्यावर फार काही नाही.

आता हाच हिशोब तुमच्या वहीच्या नजरेने करा. निम्मी चुनी आणि सगळा भुसा आत्याबाईंच्या हातून दारावर जातो असं धरू. क्विंटलमागे 120 आणि 110, मिळून 230 रुपये वहीत येतच नाहीत. वहीला पडता दिसतो 140 चा. 2,200 क्विंटलवर 3,08,000. त्यातून 5,76,000 वजा केले की 2,68,000 चा तोटा. भासरे वही पाहूनच बोलत असणार, म्हणून त्यांना मिल तोट्यात दिसते. आणि मिलने वर्षाला पाच लाखांहून जास्त रुपये घरात टाकले, महिन्याला बेचाळीस हजार, ते कोणाच्याच खात्यात नाहीत. किराणा भरतो, पोरांच्या फिया जातात, म्हशी दूध देतात आणि मिल मात्र बदनाम.

उद्या मिल भाड्याने दिली तर भाडेकरू चुनी-भुसा घेऊन जाईल. घरातलं स्वयंपाकघर कोणत्या पैशावर चालेल, हा प्रश्न भासऱ्यांनी अजून विचारलेला नाही. त्यांचं चुकलं असं नाही, त्यांना तो आकडा कोणी दाखवलाच नाही.

आत्याबाईंच्या पैशाला हात लावू नका, हे मात्र बजावून सांगते. एकत्र घरातल्या बाईच्या हातात मोकळा पैसा असतो तो बहुतेक असाच कुठल्या तरी जोडधंद्यातून आलेला. हिशोबाच्या नावाखाली तो गल्ल्यात ओढला तर तुमचा हिशोब बरोबर निघेल आणि घर मोडेल. म्हणून रुपये लिहूच नका. कट्टे, म्हणजे पोती, लिहा. आज चुनीचे किती कट्टे दारावर गेले, किती गोठ्यात गेले, किती व्यापाऱ्याकडे गेले. रुपये विचारले की माणसं चोरी पकडल्यासारखी बघतात, कट्टे मोजले तर कोणी काही म्हणत नाही. चुनी आणि छिलक्यावर जानेवारी 2023 पासून जीएसटीही शून्य आहे, तेव्हा त्या बाजूने घाबरण्याचं कारण नाही. आयकराच्या हिशोबात ही विक्री यायला हवी, ते सीए साहेबांशी बोला, पण नंतर. आधी घरातल्यांना कळू द्या.

सुरुवात एका लॉटपासून करा. टॅली नको, कॉम्प्युटरही नको. वीस क्विंटल तुरीचा एक लॉट वेगळा काढा, कट्ट्यांवर खडूने खूण करा. तो लॉट आत जाताना वजन करा आणि बाहेर येणारं सगळं वजन करा. फटका, सवा नंबर, खंडा, चुनी, भुसा आणि जमिनीवर सांडून झाडून काढलेलंही. मामाजींना सांगा, “मामाजी, उतारा किती बसतो, म्हणजे तुरीतून डाळ किती निघते, ते तुम्ही मला एकदा शिकवा.” शिकवायला कोणाला आवडत नाही? त्यांच्या डोक्यातला उतारा आणि काट्यावरचा उतारा यांत दोन-तीन किलोंचा फरक निघेल, बहुतेक घरी निघतो. लहान वाटतो, पण नाही. फटक्यातले दोन किलो चुनीत गेले तर किलोमागे 84 रुपयांनी 168 रुपये गेले, म्हणजे 370 मधला जवळजवळ निम्मा पडता. रोलर घासले असतील, तूर नीट वाळली नसेल, कारणं मिस्टरांना तुमच्यापेक्षा चांगली कळतील. डाळीच्या उताऱ्यावर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पुष्कळ काम केलंय, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल तर आपल्या भागात ओळखीचीच आहे. वाशीमहून अकोला काही दूर नाही, एक चक्कर मारायला हरकत नसावी.

सॉर्टेक्सचं बोलू. मिस्टरांची हौस समजते, अकोल्याच्या मोठ्या मिलांतली चकचकीत डाळ पाहिली की कोणालाही वाटेल. पण मशीन सगळ्यांत आधी क्विंटल मागते. समजा सॉर्टेक्समुळे डाळ सुधारून क्विंटलमागे 60 रुपये जास्त सुटले. 2,200 क्विंटलवर 1,32,000 झाले. मशीन 18 लाखांची, कर्ज 10 टक्क्यांनी पाच वर्षांचं, तर हप्ता महिन्याला 38,000 च्या वर. वर्षाला साडेचार लाखांहून जास्त. अगदी 35 टक्के अनुदान मिळालं असं धरलं तरी उरलेल्या 11,70,000 वर वर्षाला तीन लाखांच्या आसपास हप्ते बसतात. कुठे तीन लाख आणि कुठे 1,32,000! तेव्हा सॉर्टेक्सच्या बाबतीत भासरे बरोबर आहेत. मजुरीवर डाळ सॉर्ट करून देणारे असतात, हंगामात दोन लॉट पाठवून पाहा, मिस्टरांची हौसही भागेल आणि 60 रुपये खरोखर सुटतात का तेही कळेल. मिस्टर मिलच्या बाबतीत बरोबर, भासरे मशीनच्या बाबतीत बरोबर. हे दोघांना एकाच दिवशी, एकाच चहाबरोबर सांगा. एकाला आधी सांगितलंत तर दुसऱ्याला वाटेल डाव आहे.

केंद्राचा हिशोब वेगळ्या जातीचा आहे. तिथे उतारा नसतो, तिथे दिवस असतात. जूनमध्ये लाखाचं औषध उधार दिलं, त्यात 12 टक्के सुटतात असं धरा, म्हणजे माल 88,000 चा आणि नफा 12,000. पैसे येणार तूर निघाल्यावर, जानेवारीत. सात महिने. ते 88,000 सीसीतून गेलेत, 11 टक्क्यांनी व्याज साधारण 5,650. उरले 6,350. लाखातली पाच हजारांची उधारी यंदा बुडली किंवा पुढच्या वर्षावर गेली तर उरले 1,350. पावसाने दगा दिला की तेही गेले. युरिया-डीएपीत तर मुळातच सुटत काही नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांनी द्यायची, त्यात हमाली भागली तरी पुष्कळ. खत ठेवावं लागतं, कारण खत नसेल तर गिऱ्हाईक औषधालाही येत नाही. म्हणून केंद्राची उधारी वयाप्रमाणे मांडा. तीन महिन्यांच्या आतली, सहा महिन्यांपर्यंतची, मागच्या हंगामातली, आणि ज्यांचं नाव निघालं की भासरे विषय बदलतात ती. ही शेवटची यादी तुम्ही करू नका, त्यांनाच करू द्या.

पण केंद्र बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि इथेच तुमच्या दोन्ही दुकानांची नाळ आहे. तुमच्याकडे उधारी फेडायला शेतकरी तूर आणत असेल. विदर्भात बहुतेक केंद्रवाल्यांकडे येतो. ती तूर मिलमध्ये जाते, बरोबर? आता त्या दिवशी बाजार समितीत तूर 7,200 ने गेली आणि उधारी वळती करताना शेतकऱ्याला 7,300 लावले, तर ते जास्तीचे शंभर कोणाचे? मिलच्या माथी मारले तर मिलचा 370 चा पडता 270 होतो आणि भासरे म्हणतात पाहा, मिल तोट्यात. ते शंभर वसुलीचा खर्च आहे, केंद्राच्या खाती गेले पाहिजेत. उलट केंद्राने शेतकऱ्याकडून 7,000 ने घेतली तर ते दोनशेही केंद्राचेच. नियम एकच ठेवा: तूर कुठूनही आली तरी मिलला ती त्या दिवशीच्या हर्रासाच्या भावानेच लागायची. मोठ्या कंपन्यांत या गोष्टीवर खात्याखात्यांत भांडणं होतात, तुमच्या घरात दोन सख्खे भाऊ तेच भांडतात, फक्त भांडणाचं नाव त्यांना माहीत नाही.

आणि तिसरा धंदा. तो मामाजींचा आहे आणि त्याला दुकान नाही. तुरीचा साठा. हंगामात घेऊन ठेवायची, भाव चढला की भरडायची. 2023 मध्ये तूर चढत गेली, 2 जूनला सरकारने साठ्यावर मर्यादा घातली, 2024 च्या 21 जूनला पुन्हा घातली, तरी त्या दोन वर्षांत ज्याच्याकडे माल होता त्याला पैसा झाला. पुढच्या हंगामात आयात खुली होती, माल आला, आणि बाजार 7,550 च्या हमीभावाखालीही गेला. या चढउतारातला नफा-तोटा मिलचा नव्हे. मिलने क्विंटलमागे 370 कमावले ते तेवढेच, भाव चढो की पडो. मामाजींच्या मनात 2023 ची चांगली मिल असेल आणि भासऱ्यांच्या मनात 2025 ची वाईट मिल, तर दोघंही प्रत्यक्षात बाजाराबद्दल बोलताहेत. म्हणून साठ्याचं खातं वेगळं. गोदामातून तूर मिलमध्ये गेली की त्या दिवसाचा भाव लावायचा, घेतलेला भाव आणि हा भाव यांतला फरक साठ्याच्या खात्यात. त्यावर गोदामातल्या दिवसांचं व्याज आणि किडीची घटही तिथेच. मामाजींना हे खातं आवडेल, कारण त्यांची खरी कर्तबगारी त्यात वेगळी दिसेल. कधीकधी चूकही दिसेल, ते त्यांचं ते पाहून घेतील.

पगाराचं थोडक्यात. मिस्टर, भासरे आणि तुम्ही, तिघांचा पगार धरा. हातात द्यायलाच हवा असं नाही, निदान हिशोबात धरा. फुकटच्या मेहनतीवर उभा असलेला धंदा कमावतो असं वाटतं आणि पोरगा पुण्याला नोकरीला गेला की एकदम तोट्यात येतो. फर्म भागीदारीची असेल तर पगार करारपत्रात लिहिलेला हवा, आणि एप्रिल 2025 पासून भागीदाराला दिलेला पगार-व्याज वर्षाला 20,000 च्या वर गेला की 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. फर्म कोणत्या प्रकारची आहे ते तुम्ही लिहिलं नाही, सीए साहेबांना विचारा. शेताचं खातं मात्र अगदी वेगळं ठेवा. घरच्या शेतातली तूर मिलमध्ये आली तरी तिलाही हर्रासाचाच भाव.

आता फोटोंचं. समजा काढले. टॅलीत चढवले. आठ दिवसांनी तुम्ही जेवणाच्या वेळी म्हणालात, मिल तोट्यात नाही. पहिला प्रश्न येईल, तुला कसं कळलं? त्यानंतर आकडा कोणी ऐकणार नाही, किल्लीवर बोलणं होईल. आणि तुम्हाला हवं ते त्या वहीत नाहीच. वहीत रोजमेळ असेल, कोणाकडून आले, कोणाला गेले. चुनीचे कट्टे नसतील, उधारी वळती झालेल्या तुरीचा त्या दिवशीचा भाव नसेल, साठा किती दिवस पडून होता ते नसेल. जे हवं ते मिलच्या काट्यावर आणि मामाजींच्या तोंडात आहे. काटा रोज चालतो. तोंडही चालेल, त्यांच्या सोयीची वेळ पाहा. सकाळी बाजारात जाण्याआधी मिलच्या ओट्यावर बसतात ती वेळ चांगली. “मामाजी, आज पडता काय बसते?” एवढंच विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्यासमोरच लिहा. लपवून काही लिहू नका. पंधरा दिवसांनी ते स्वतःच विचारतील, गेल्या शुक्रवारी काय लिहिलं होतं?

महिन्याच्या शेवटी एक पान. त्यावर मिलचा पडता आणि क्विंटल, केंद्राची जुनी उधारी, साठ्याचं चढ-उतार आणि घरात गेलेले चुनी-भुशाचे कट्टे. बाकी काही नको, आलेख तर मुळीच नको. ते पान तुम्ही वाचून दाखवू नका, मामाजींनी वाचायचं. आत्याबाईंना तिथे बसवा. इतक्या वर्षांत घर कशावर चाललं ते त्यांना माहीत आहे. त्यांना ते कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आणि कट्टे मोजण्याबद्दल अजून एक. म्हशीसाठी चुनी कट्ट्याने जात नसणार, टोपलीने जात असेल. ती टोपली एकदा भरून मिलच्या काट्यावर ठेवा आणि वजन तिच्याच काठावर खडूने लिहा. मग रोज काटा लागणार नाही. गड्याला सांगा, टोपली गोठ्यात गेली की भिंतीवर एक रेघ मारायची. गडी नसला तर आत्याबाई मारतील.